के-टूला नाव का नाही

प्रश्न आलाय की के-टू म्हणजे जगातलं दोन नंबरचं शिखर, ८,६११ मीटर उंच, आणि त्याला नुसता नंबर, मग इंग्रजांनी तिथल्या लोकांचं मूळ नाव पुसलं का, आणि आता तरी चांगलं नाव द्यायला नको का. पुसलं असं म्हणता येत नाही, आणि ते का हे नकाशा समोर घेतला की कळतं.

१८५६ साली हिंदुस्थानची मोजणी करणाऱ्या इंग्रजांच्या सर्व्हे खात्याचा अधिकारी थॉमस माँटगोमरी काश्मीरच्या हरमुख डोंगरावरनं मोजणी करत होता. तिथनं काराकोरमची पर्वतरांग दोनशे किलोमीटरच्या पुढं. एवढ्या लांबनं दोन मोठी शिखरं वर आलेली दिसली, त्यानं दोन्हीचं स्केच काढलं आणि काराकोरमचा के घेऊन के-१, के-२ लिहून ठेवलं. ही मोजणीच्या वहीतली खूण होती, तिथलं नाव मिळालं की खूण काढून ते लिहायचं असा सर्व्हेचा रिवाज. के-१ चं नाव मिळालं, माशेरब्रुम. के-३, के-४, के-५ आज गाशेरब्रुमची शिखरं म्हणून ओळखली जातात. खूण चिकटून राहिली ती एकट्या के-२ ला.

कारण माशेरब्रुम हुशे खोऱ्यातल्या लोकांना घराबाहेर पडलं की दिसतो. के-टू मात्र कुठल्याच वस्तीतनं दिसत नाही. पाकिस्तानच्या बाजूचं शेवटचं गाव अस्कोले, तिथनं बाल्टोरो हिमनदीवर दिवसेंदिवस चालायचं, तेही बर्फ वरनं दिसत नाही असा दगडधोंड्यांचा थर तुडवत, आणि गॉडविन-ऑस्टेन हिमनदी येऊन मिळते त्या कॉनकॉर्डियाला पोचलं की मग डावीकडं तो बुडापासून टोकापर्यंत एकदम समोर येतो. रोजच्या नजरेत नाही त्या डोंगराला नाव पडायचं कसं?

आपल्याकडं जोतिबाचा डोंगर घ्या. उंची तीन हजार फुटांच्या आसपास, पण आसपासच्या किती गावांतनं दिसतो, म्हणून तर सरकारी कागदात वाडी रत्नागिरी, बोलताना जोतिबा, आणि चैत्रात सासनकाठ्या घेऊन माणसं तिकडंच निघतात. कांचनजंगाचंपण तेच, ८,५८६ मीटर म्हणजे के-टूपेक्षा थोडाच कमी, पण दार्जिलिंग-सिक्कीमच्या लोकांसमोर कायम उभा, सिक्कीमात त्याला देव मानतात, त्याचं नाव कुणी हलवू शकलं नाही.

नाव डावलल्याचा आरोप एव्हरेस्टच्या बाबतीत मात्र शंभर टक्के खरा आहे. तिथं तिबेटी लोक चोमोलुंग्मा म्हणत होतेच, तरी सर्व्हेचा प्रमुख अँड्र्यू वॉनं आपल्या आधीच्या साहेबाचं नाव लावून धरलं आणि १८६५ ला लंडनच्या रॉयल जिओग्राफिकल सोसायटीनं ते पक्कं केलं. खुद्द जॉर्ज एव्हरेस्टची त्याला हरकत होती. मला ही गोष्ट आजपण खटकते, कारण तिथं विचारायला माणसं होती.

के-टूलापण त्या भागाची मोजणी केलेल्या गॉडविन-ऑस्टेन साहेबाचं नाव लावायचा प्रयत्न झाला, माउंट गॉडविन-ऑस्टेन म्हणून, जुन्या ॲटलासमध्ये ते बघायला मिळतं, पण अधिकृत झालं नाही. चोगोरी हे नाव चीनच्या बाजूला चालतं. तिथल्या बाल्टी भाषेत त्याचा अर्थ मोठा डोंगर, पण हे गावातलं जुनं रुळलेलं नाव नाही असंच बहुतेक अभ्यासकांचं मत आहे, त्यामुळं 'खरं नाव चोगोरी' असं जे फॉरवर्ड फिरतंय ते डोळे झाकून पुढं ढकलू नका.

नवीन नावाचं म्हणाल तर माझा साफ विरोध. बेस कॅम्पला ओझी वाहणारे बाल्टी पोर्टरच त्याला केटू म्हणतात, त्यांच्या तोंडात ते बसलंय. बदलायचंच असेल तर आधी अस्कोलेतल्या माणसांना विचारा, आपण इथं कोल्हापुरात बसून बारसं करण्यात काय अर्थ आहे?