लिनक्स अपग्रेड केल्यानंतर लॅपटॉपचं वायफाय गायब झालं, नेटवर्कची यादीच दिसत नाही, काय करावं?

घाईने सगळी सिस्टीम पुन्हा टाकू नका. आधी रीस्टार्ट करून ग्रबच्या (सुरू होताना सिस्टीम निवडू देणाऱ्या प्रोग्रामच्या) मेनूत ‘ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स’मधून जुना कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, निवडा. तिथे वायफाय चाललं, तर कार्ड शाबूत आहे, बहुधा नव्या कर्नलला ड्रायव्हर (कार्ड चालवणारा प्रोग्राम) मिळत नाहीये एवढंच.

ब्रॉडकॉम कंपनीच्या कार्डांवर हे बरेचदा होतं. त्यांचा एक ड्रायव्हर कर्नलमध्ये नसतो, डीकेएमएस नावाचं साधन तो प्रत्येक नव्या कर्नलसाठी वेगळा बांधतं. त्या कर्नलचे हेडर्स (बांधणीला लागणाऱ्या फाइली) नसले की बांधणी अडते. म्हणून मोबाइल यूएसबी केबलने जोडा, टेदरिंग चालू करून मोबाइलचं इंटरनेट लॅपटॉपला द्या (यासाठी लॅपटॉपचं वायफाय लागत नाही), हेडर्स टाका आणि ड्रायव्हरचं पॅकेज पुन्हा इन्स्टॉल करा. लॅपटॉपच्या बायोस सेटिंगमधलं सिक्युअर बूट चालू असेल तर डिजिटल सही नसलेला मॉड्यूल (असा वेगळा बांधलेला ड्रायव्हर) कर्नल लोड करत नाही, तेही बघा.

इंटेलचं कार्ड असेल तर टर्मिनलमध्ये डीमेसेज (dmesg) ही कमांड चालवून कर्नलच्या नोंदींत ‘आयडब्ल्यूएलवायफाय’च्या (iwlwifi, इंटेलचा वायफाय ड्रायव्हर) ओळी वाचा. फर्मवेअर (कार्डाच्या आत चालणारं सॉफ्टवेअर) फाइल सापडत नसल्याची तक्रार तिथे दिसली, तर लिनक्स-फर्मवेअर पॅकेज अपडेट करा.

आणि हो, जुन्या कर्नलवरही वायफाय नसेल तर टर्मिनलमध्ये ‘आरएफकिल लिस्ट’ (rfkill list) चालवा, वायफाय बंद करून ठेवलंय का ते कळतं. ‘सॉफ्ट ब्लॉक्ड: येस’ आलं तर ‘आरएफकिल अनब्लॉक वायफाय’ (rfkill unblock wifi) पुरतं, ‘हार्ड ब्लॉक्ड’ असेल तर लॅपटॉपचं वायफायचं बटण तपासा.

सगळं सुरळीत होईपर्यंत जुना कर्नल मात्र काढू नका.