लाइमच्या जिवाणूचं कोणतं जनुक ‘आवश्यक’? आधी विचारा, कुठे

तुमचा प्रश्न असा आहे: गोचिडीच्या चाव्यातून होणाऱ्या लाइम रोगाच्या जिवाणूत एखादं जनुक संसर्गासाठी किंवा गोचिडीतून पसरण्यासाठी आवश्यक आहे हे कसं ठरवतात, आणि त्यातलं मुख्य जनुक कोणतं?

मुख्य असं एक जनुक नाही. मी सूक्ष्मजीवशास्त्र शिकवते आणि ‘रोगाचं जनुक’ हा शब्द वर्गात मुद्दाम टाळते, कारण त्याने या जिवाणूबद्दल फार मोठा गैरसमज होतो. या जिवाणूला, म्हणजे बोरेलिया बर्गडॉर्फेरीला, दोन घरं आहेत, गोचिडीचं पोट आणि उंदरासारख्या प्राण्याचं शरीर. एका घरात ज्यावाचून तो मरतो, ते दुसऱ्या घरात त्याला लागतही नाही.

परीक्षानळी हे तिसरं घर, आणि तिथेच सुरुवातीच्या संशोधकांची फसगत झाली. संशोधक विली बर्गडॉर्फर यांना हा जिवाणू १९८२ च्या आसपास गोचिडींत सापडला. पण प्रयोगशाळेत तो पिढ्यान्‌पिढ्या वाढवला, की छान वाढायचा आणि उंदरात मात्र संसर्ग करू शकायचा नाही. १९९७ मध्ये त्याचा जीनोम (सगळा जनुकसंच) वाचला गेला, आणि पुढच्या काही वर्षांत एका लांबट, सरळ गुणसूत्रासोबत तब्बल २१ प्लाझ्मिड (गुणसूत्राबाहेरचे डीएनएचे छोटे तुकडे) मोजले गेले. नळीत वाढताना यांतले काही हरवतात. एलपी२५ नावाचा प्लाझ्मिड गेला की संसर्गाची ताकद जाते. त्याच्यावरचं ‘पीएनसीए’ हे जनुक एनएडी हे जीवनावश्यक रेणू बनवायला लागतं. सकस माध्यमात त्याची उणीव भासत नाही, शरीरात भासते. एलपी२५ नसलेल्या जिवाणूला हे एकच जनुक परत दिलं, तरी उंदरात टिकण्याची क्षमता बरीचशी परत आली.

म्हणून तपासायची रीत अशी. हवं ते जनुक मोडायचं. मग तो जिवाणू उंदराला टोचायचा, त्या उंदरावर संसर्ग नसलेल्या गोचिडीच्या अळ्या सोडायच्या, त्या कात टाकून मोठ्या झाल्या की निरोगी उंदरावर सोडायच्या. (अळ्या अंड्यातून बाहेर पडताना हा जिवाणू घेऊन येत नाहीत, त्यामुळे तो त्यांना रक्तातूनच मिळावा लागतो.) साखळी नेमकी कुठे तुटते ते पाहायचं. शेवटी जनुक परत घालून साखळी जुळते का, हेही बघायचं. माझ्या मते ही शेवटची पायरी नसेल तर निष्कर्षावर विश्वास ठेवू नये. मोडतोडीच्या गडबडीत एखादा प्लाझ्मिडच हरवला असेल, तर दोष भलत्याच जनुकावर जातो.

या रीतीने मिळालेली सर्वांत सुंदर जोडी म्हणजे ‘ओएसपीए’ आणि ‘ओएसपीसी’. दोन्ही जिवाणूच्या बाहेरच्या आवरणावरची प्रथिनं बनवतात. ओएसपीए नसलेला जिवाणू टोचला तर उंदीर नेहमीसारखाच संसर्गित होतो, पण गोचिडीच्या आतड्यात तो जिवाणू तग धरू शकत नाही. ओएसपीसी नसलेला याच्या नेमका उलट: गोचिडीत राहतो, पण उंदरात पाय रोवू शकत नाही. गोचीड रक्त प्यायला लागली, की ऊब आणि रक्तातले बदल ओळखून आरपीओएस हा नियामक ओएसपीसी सुरू करतो आणि ओएसपीए मागे पडतं. या बदलाला आणि आतड्यातून लाळग्रंथींपर्यंतच्या प्रवासाला वेळ लागतो. गोचीड साधारण २४ तासांहून अधिक चिकटून राहिली तरच सहसा संसर्ग होतो, तो यामुळेच. ती लवकर काढणं खरोखर उपयोगी आहे.

शरीरात स्थिरावल्यावर ओएसपीसीही बंद करावं लागतं, नाहीतर प्रतिपिंडं (अँटीबॉडीज) जिवाणूला गाठतात. तिथून पुढे ‘व्हीएलएसई’ कामाला येतं. हे जनुक शेजारच्या १५ मूक (स्वतः प्रथिन न बनवणाऱ्या) तुकड्यांमधून भाग उचलून सतत बदलत राहतं. ते नसेल तरी संसर्ग सुरू होतो, पण काही आठवड्यांत साफ होतो. प्रतिपिंडंच बनवू न शकणाऱ्या उंदरांत मात्र असा जिवाणूही टिकून राहतो.

ही माहिती पुस्तकातच राहिली नाही. १९९८ ते २००२ या काळात अमेरिकेत मिळणारी माणसांची लस ओएसपीएवरच बेतलेली होती. शरीरात शिरेपर्यंत ओएसपीए उतरलेलं असतं, तर त्याविरुद्धची प्रतिपिंडं काय कामाची? ती रक्तासोबत गोचिडीच्या पोटात जात आणि जिवाणू बाहेर पडण्याआधी तिथेच त्याला मारत.