सत्तरची फिल्म, पंचाहत्तरची काच

प्रश्न : मी धायरीत राहतो, वय ५८. नुकतीच एक जुनी हॅचबॅक घेतली. आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय, मागच्या सीटवर बसलं की तिला ऊन सोसत नाही. नाना पेठेतले एक दुकानदार म्हणाले, “७०ची फिल्म लावा, कायद्यात बसते आणि गाडीही थंड राहते.” मागच्या काचेवर आधीच्या मालकाने लावलेली काळी फिल्म आहेच. काय करू?

उत्तर : दादा, बिबवेवाडीत माझं गाड्यांच्या काचा बसवण्याचं दुकान आहे. उन्हाळा लागला की ‘७०ची लावू का’ हे रोज कुणीतरी विचारतंच. आधी हा आकडा नीट समजून घ्या. ७० म्हणजे ७० टक्के काळी नव्हे. डोळ्याला दिसणाऱ्या प्रकाशापैकी ७० टक्के प्रकाश ती आत सोडते. ह्याला व्हीएलटी म्हणतात. आकडा जितका लहान, तितकी काच काळी.

आता खरी मेख. दुकानदार सांगतात तो आकडा नुसत्या फिल्मचा असतो. तुमच्या गाडीची काच कंपनीतूनच हलक्या हिरव्या झाकेची आली असेल, तर ती स्वतःच थोडा प्रकाश अडवते. समजा ती ७५ टक्के सोडते. तिच्यावर ७०ची फिल्म लावली की ७५चे ७० टक्के, म्हणजे साडेबावन्नच उरतात. ५०ची लावली तर साडेसदतीस. ३५ची लावली तर जेमतेम सव्वीस. केंद्रीय मोटार वाहन नियमांतला नियम १०० पुढच्या आणि मागच्या काचेला किमान ७० टक्के मागतो, बाजूच्या काचांना ५०. म्हणजे ‘कायद्यात बसणारी’ ७०ची फिल्म मागच्या काचेवर लावताक्षणी नियमाबाहेर जाते. हा हिशोब गिऱ्हाइकाला न सांगता फिल्म विकणं मला अजिबात पटत नाही.

त्यात २७ एप्रिल २०१२ रोजी सुप्रीम कोर्टाने काचेवर फिल्म चिकटवायलाच मनाई केली, मग टक्केवारी काहीही असो. १ एप्रिल २०२१ पासून नियमात ‘सेफ्टी ग्लेझिंग’ला, म्हणजे आतून प्लास्टिकचा थर असलेल्या काचेलाही, जागा मिळाली, आणि त्याच्या आधारे केरळ हायकोर्टाने २०२४ मध्ये ७० आणि ५०ची मर्यादा पाळणाऱ्या फिल्मला परवानगी दिली. पण तो निकाल केरळचा. त्याच्या भरवशावर पुण्यात पैसे घालू नका, असंच मी सांगेन. स्वारगेटच्या चौकात पावती फाडताना वाद घालायची वेळ तुमच्यावर येईल, दुकानदारावर नाही.

आणि थंडावा? सूर्याच्या उष्णतेचा निम्म्याच्या आसपास भाग डोळ्याला न दिसणाऱ्या इन्फ्रारेड किरणांतून येतो. स्वस्त रंगीत फिल्म उजेड कमी करते, पण हे किरण बरेचसे सोडते. शिवाय काच स्वतः तापते आणि ती धग आतही येते. म्हणून काळ्या काचेची गाडीसुद्धा पार्किंगमध्ये भट्टी होते.

मला तुमची जास्त काळजी वाटते ती रात्रीची. वय वाढतं तशी डोळ्याची बाहुली अंधारात पूर्वीइतकी उघडत नाही. नवले पुलाच्या सर्व्हिस रोडवरून पावसात वळताना डाव्या काचेतून दुचाकी दिसायला हवी, गडद कपड्यातला माणूसही दिसायला हवा. तिथे निम्मा उजेड गेला तर ब्रेकवर पाय उशिरा पडतो. दिवसा ही काच छान वाटते, म्हणूनच लोक फसतात.

आईंसाठी डोळ्यांच्या डॉक्टरांना विचारून चांगला यूव्ही गॉगल घ्या. पुढची काच दोन थरांची असते, मधल्या प्लास्टिकमुळे बहुतेक अतिनील किरण अडतात. बाजूची काच साधी टफन्ड असते, तिच्यातून यूव्हीए हे अतिनील किरण बऱ्यापैकी आत येतात. त्यामुळे गॉगल गाडीतही लागतोच. आई कुठल्या बाजूला बसतात हे उन्हाकडे बघून ठरवा, सीट बदलायला पैसे पडत नाहीत. गाडी उभी असताना पुढच्या काचेला चंदेरी पडदा लावा. निघण्याआधी चारही काचा उघडून कोंडलेली गरम हवा जाऊ द्या, मगच एसी लावा. खिडकीला चिकटणाऱ्या जाळ्या फक्त उभ्या गाडीत लावा, चालताना काढून ठेवा.

मागच्या काचेवरची जुनी फिल्म मात्र लगेच काढा. तिथे डिफॉगरच्या बारीक तारा असतील तर ब्लेड अजिबात लावू नका, एक तार तुटली की तेवढ्या पट्ट्यातलं धुकं जात नाही. काच वाफेने किंवा हॉट एअर गनने बेताची गरम करून घ्या, फिल्म कोपऱ्यातून सावकाश ओढा, आणि उरलेला गोंद साबणाच्या पाण्याने मऊ करून कपड्याने तारांच्या दिशेने पुसा. उभा घासू नका.