चिकुनगुनियानंतर धावताना वाढणारे ठोके आणि तिसऱ्या दिवशीचा थकवा

तुम्ही लिहिलंय की चिकुनगुनियाचा ताप उतरून दीड महिना झाला, पण पूर्वी ज्या वेगाला ठोके १४० च्या आसपास राहायचे त्याच वेगाला आता १६५ वर जातात. रविवारी पाच किलोमीटर धावलात, सोमवार बरा गेला, मंगळवारी मात्र अंथरुणातून उठवेना. जानेवारीतल्या मुंबईच्या हाफ मॅरेथॉनसाठी आता अंतर वाढवावं का, हा तुमचा प्रश्न. माझं मत स्पष्ट आहे: त्या मंगळवारचा उलगडा होईपर्यंत वाढवू नका.

आधी ठोक्यांबद्दल. माणूस झोपून राहिला की काही दिवसांतच रक्तातला द्रवभाग घटतो. हृदयाकडे परतणारं रक्त कमी, म्हणून एका ठोक्यात बाहेर पडणारंही कमी. मग स्नायूंना तेवढाच प्राणवायू पोचवायला ठोके वाढतात. १९६६ साली अमेरिकेत डॅलसला पाच निरोगी तरुणांना तीन आठवडे बिछान्यात ठेवलं होतं. त्यांची प्राणवायू वापरण्याची कमाल क्षमता पाव हिश्श्याहून जास्त घसरली, तीही कुठलाही आजार नसताना! नंतरच्या सरावाने ती भरून निघाली. तुमच्या वाढलेल्या ठोक्यांतला काही भाग असाच असणार, आणि तो सरावाने जातो. (मनगटावरचं घड्याळ कधीकधी पावलांचा ताल ठोके म्हणून मोजतं, तेव्हा एकदा छातीच्या पट्ट्याने खात्री करा.)

मंगळवारची गोष्ट वेगळी आहे. सराव तुटलेल्या माणसाचे पाय दुखतात, पण तो सरावागणिक सुधारतो. श्रमानंतर एक-दोन दिवसांनी कणकण, डोकं जड, झोपूनही ताजंतवानं न वाटणं असं सुरू झालं, तर विषाणूनंतरचा थकवा अजून शरीरात आहे असं धरावं. अशा वेळी ‘दर आठवड्याला थोडं वाढवा’ हा नेहमीचा सल्ला उलटतो. दीर्घ थकव्याच्या आजारासाठी ठरावीक टप्प्यांनी व्यायाम वाढवण्याचा उपचार ब्रिटनमध्ये उपचारांच्या मार्गदर्शिका काढणाऱ्या नाइस संस्थेने २०२१ मध्ये मार्गदर्शिकेतून काढून टाकला. तुम्हाला तो आजार आहे असं मी म्हणत नाही. ऑस्ट्रेलियात डब्बो परिसरात तीन संसर्गांच्या रुग्णांचा पाठपुरावा झाला होता. त्यातला रॉस रिव्हर विषाणू चिकुनगुनियाच्याच कुळातला. सहा महिन्यांनी साधारण १२ टक्के लोकांना थकवा उरला होता, आणि मूळ आजार जितका तीव्र तितका धोका जास्त होता. म्हणजे बहुतेक जण त्याआधीच सावरतात. त्यांना वेळ मात्र द्यावा लागतो.

धावणं सध्या थांबवा आणि चाला. किती चालायचं ते तिसऱ्या दिवसावरून ठरवा. वीस मिनिटं चालून तिसरा दिवस चांगला गेला तर तेवढंच दोन आठवडे करा, मग जरा वाढवा. नाही गेला, तर निम्मं करा. आमच्या गटात डेंग्यू-चिकुनगुनियातून उठलेले बरेच जण पाहिलेत. शर्यतीची तारीख डोळ्यांसमोर ठेवून परतलेल्यांचेच जास्त हाल झाले. ही जानेवारी सोडून द्या, असं मी कळकळीने सांगते.

सकाळी झोपूनच ठोके मोजा, मग उभं राहून दहा मिनिटं मोजत राहा. ते तिसाहून जास्त वाढून तसेच राहिले, गरगरलं, तर फिजिशियनना दाखवा. हिमोग्लोबिन, थायरॉइड आणि बी१२ तपासलं नसेल तर त्यांना विचारा.

छातीत दुखणं, धडधड, चक्कर येऊन पडणं, आडवं झाल्यावर धाप लागणं यातलं काहीही असेल तर चालण्याचाही प्रयोग नको, त्याच दिवशी डॉक्टर गाठा. चिकुनगुनियात क्वचित हृदयाच्या स्नायूला सूज येते. ईसीजी, ट्रोपोनिन (हृदयाच्या स्नायूला इजा झाली का ते सांगणारी रक्ततपासणी) आणि टूडी एको (हृदयाची सोनोग्राफी) यांवरून अंदाज येतो. सूज निघाली तर तीन ते सहा महिने कडक व्यायाम बंद ठेवायला सांगतात.

एक कळवा: मंगळवारी नुसते सांधे धरले होते, की अंगात कणकणही होती? सांध्यांचं दुखणं असेल तर त्याचा विचार वेगळा करावा लागेल.