दापोली लागलेल्या ज्युनिअरला

प्रिय ज्युनिअर,

तुला बी.एस्सी. कृषीला दापोलीचं कॉलेज लागल्याचं तुझ्या आईने काल लिफ्टमध्ये सांगितलं. सांगताना तिचा चेहरा असा, की घरात काहीतरी वाईट घडलंय. 'पुण्याचं थोडक्यात हुकलं हो,' म्हणाली. मी दापोलीच्याच कृषी विद्यापीठातून शिकले हे तिला माहीत नसावं. लिफ्टमध्ये सात मजल्यांत काय सांगणार, म्हणून तुलाच लिहिते.

सांगायचं तसं एकच आहे. पहिलं वर्षभर दर शुक्रवारी ठाण्याला पळून येऊ नकोस.

मोह होईल. दापोलीहून एसटीने खेड, खेडहून कोकण रेल्वे, गाडी वेळेवर असली तर रात्री आईच्या हातचं जेवण. माझ्या बॅचच्या मुंबईकडच्या मुलींनी हेच केलं. सोमवारी डोळे चोळत प्रॅक्टिकलला हजर, शुक्रवारी दुपारपासून बॅग भरलेली. चार वर्षांनी पदवी त्यांनाही मिळाली, पण दापोली त्यांना केळसकर नाक्यापलीकडे फारशी माहीत नव्हती.

ठाण्यात कॉलेज सुटलं की सगळे आपापली लोकल पकडतात. प्राध्यापक डोंबिवलीचे, मैत्रीण मुलुंडची, आपण घोडबंदर रोडला. दापोलीत कॉलेज सुटतच नाही. ज्या मॅडम सकाळी कीटकशास्त्र शिकवतात त्याच संध्याकाळी बाजारात तुझ्या शेजारी उभ्या राहून भेंडी निवडत असतात, आणि भेंडीतली अळी दाखवून विचारलंस तर पिशवी खाली ठेवून सांगतात. असं शिक्षण वेळापत्रकात नसतं. ते शनिवार-रविवारीच मिळतं, आणि तेव्हा तू मांडवी एक्सप्रेसमध्ये असशील तर मिळणार नाही.

ह्याची दुसरी बाजूही ऐक. गाव लहान असलं की सगळ्यांना सगळं दिसतं. तू कुणाबरोबर चहा प्यायलीस हे तू हॉस्टेलला पोचायच्या आत रेक्टरबाईंना कळलेलं असतं. मला ह्याचा भयंकर राग यायचा, अजूनही येतो. 'तुमच्या काळजीपोटी' वगैरे म्हणतात ते मला पटत नाही. पण आजारी पडलीस तर मेडिकलवाला औषध खोलीवर पाठवतो, तेही त्याच नजरेमुळे. एक घ्यायचं आणि दुसरं नाकारायचं ही सोय तिथे नाही.

सीनिअर 'इंट्रो' घेतील. नाव, गाव, सीईटीचे मार्क इथपर्यंत ठीक. त्यापुढे गेलं तर सोसायचं नाही आणि 'परंपरा आहे' हे ऐकून घ्यायचं नाही. महाराष्ट्रात रॅगिंगविरोधी कायदा १९९९ पासून आहे. लेखी तक्रार कर, आणि आईला त्याच दिवशी सांग, आठवड्याने नाही.

आणि हो, तू कितीही 'ठाणे, ठाणे' म्हणालीस तरी तिथे तू मुंबईचीच. वाद घालू नकोस, कुणी जिंकलेलं नाही.

तुझ्या खोलीत बीडची किंवा नंदुरबारची मुलगी असेल. तिच्या घरी सातबारा आहे, तुझ्या घरी मेंटेनन्सचं बिल. पहिल्या सेमिस्टरला तुझं इंग्रजी तिच्यापेक्षा बरं असेल म्हणून तुला वाटेल की आपण पुढे आहोत. मग भातलावणीच्या प्रॅक्टिकलला चिखलात उतराल. ती न बघता रोपं टोचत मागे सरकत जाईल आणि तू एक पाय बाहेर काढता काढता दुसरा रुतवशील. तिला नोट्स समजावून सांग, तिच्याकडून लावणी शिक. मेहेरबानी कुणी कुणावर करत नाही.

पावसाचं सांगते. ठाण्याचा पाऊस पाहिलाय म्हणून निर्धास्त राहू नकोस. दापोलीला वर्षाला साडेतीन हजार मिलिमीटरच्या आसपास पडतो, तोही जवळजवळ सगळा चार महिन्यांत. कपडे वाळत नाहीत, चामड्याच्या चपलेवर बुरशी उगवते, लाइट जाते ती कधी येईल सांगता येत नाही. रडू येण्याचा काळ हाच. पण भातावर करपा कसा चढतो, सुपारीची फळं कोळेरोगाने कशी गळतात, हे बघायचा काळही हाच. पुस्तकातल्या रंगीत चित्रावरून रोग ओळखणारे खूप असतात.

शेवटच्या वर्षी तुम्हाला गावात राहायला पाठवतील. मुली 'कृषिकन्या', मुलं 'कृषिदूत'. स्थानिक पेपरात फोटो छापून येतो, 'कृषिकन्यांनी केले शेतकऱ्यांना मार्गदर्शन'. आमचाही आला होता. त्या फोटोमागची गोष्ट अशी. आम्ही एका सुपारीच्या बागेत बोर्डो मिश्रण, म्हणजे बुरशीवर फवारायचं औषध, करून दाखवत होतो. एक किलो मोरचूद वेगळ्या पाण्यात, एक किलो चुना वेगळ्या पाण्यात, दोन्ही एकत्र ओतून शंभर लिटर. सगळं पाठ होतं. बागायतदाराच्या आई पायरीवर बसून बघत होत्या. उठल्या, हातातला कोयता पिंपात बुडवला, थोडा वेळ थांबल्या आणि वर काढून आम्हाला दाखवला. पात्यावर तांबूस थर. म्हणाल्या, 'चुना कमी पडलाय गं पोरींनो, पानं जाळाल.' ही चाचणी आमच्या प्रॅक्टिकलच्या वहीतही होती. वहीतली आम्ही लिहिली होती आणि त्यांनी केली होती, एवढाच फरक. फोटो आम्ही नंतर, चुना वाढवून काढला.

आता नोकरीचं, कारण आईला तेच हवंय. कॅम्पसला कंपन्यांची रांग लागत नाही, हे आधीच मान्य कर. हॉस्टेलमधल्या निम्म्या मुली एमपीएससीच्या मागे असतील, काही बँकेच्या कृषी अधिकारी परीक्षेच्या, थोड्या पुढे एम.एस्सी.साठी. वाटा चांगल्याच आहेत. पण पहिल्या वर्षापासून क्लासच्या नोट्स घोकत बसणं मला मूर्खपणाचं वाटतं. तिसऱ्या वर्षी ठरव, तोवर बागा हिंड.

मी वाशीला आंब्याच्या निर्यातीत आहे, हे तुला माहीतच आहे. २०१४ च्या मे महिन्यात, ऐन हंगामात, युरोपने भारतीय आंबा बंद केला. कारण फळमाशी. सोबत वांगी, कारली, पडवळ आणि अळूही बंद. वाशीच्या एपीएमसी बाजारात त्या आठवड्यात जो तो दुसऱ्याला विचारत होता, ही माशी येते कुठून? मला सांगता आलं, कारण दापोलीच्या बागांतले फळमाशीचे सापळे मी स्वतः रिकामे करून माश्या मोजल्या होत्या. 'रक्षक' सापळा तर आपल्याच विद्यापीठाचा. पुढे ४८ अंशांच्या पाण्यात आंबा तासभर ठेवायची प्रक्रिया आली आणि २०१५ मध्ये आंब्यावरची बंदी उठली. पण आंबा उकळत्या उन्हात झाडावर असतो तेव्हाच माशी रोखली नाही तर पॅकहाउसमध्ये नुसतं नुकसान मोजायचं. हे बागायतदाराला फोनवर त्याच्या भाषेत पटवणं, हेच आज माझ्या कामातलं सर्वांत मोठं काम आहे. १९७२ साली हे विद्यापीठ शहरात न काढता दापोलीत काढलं, त्याचा फायदा मला वाशीत बसून मिळतो.

घरी कधी यायचं? गणपतीला जरूर ये. अख्खी मुंबई कोकणात उतरत असते तेव्हा तू उलट्या दिशेने येशील, त्यामुळे जागेची मारामारी नाही. दिवाळीचं तिकीट मात्र ६० दिवस आधी आरक्षण उघडलं की काढून टाक. आईला पहिल्या महिन्यातच एकदा तिकडे ने. खोली, मेस, दवाखाना बघू दे, रेक्टरबाईंशी बोलू दे. दारातून नुसती टाटा करून गेलेली आई रोज दहा फोन करते.

सामानात इस्त्री नको. रेनकोट, पावसाळी सँडल, चांगली टॉर्च आणि कपडे वाळत घालायला नायलॉनची दोरी एवढं आधी घे.

रविवारी संध्याकाळी मी घरी आहे, वर ये. पुस्तकं काही अजून ठेवली आहेत, ती घेऊन जा. प्रॅक्टिकलसाठी कीटक जमवून लावलेली माझी पेटी मागू नकोस. सीनिअरची जुनी पेटी नवीन लेबलं चिकटवून खपवायची हुशारी तिथे दरवर्षी कुणीतरी करतं, आणि मॅडमना त्यातला नाकतोडा ओळखीचा असतो.

तुझी,
सातव्या मजल्यावरची ताई