अमेरिकी अडथळा शर्यतपटू एडविन मोझेस जवळजवळ दहा वर्षं एकही शर्यत हरला नाही, हे कसं जमलं?
मला तरी याचं उत्तर १३ या आकड्यात दिसतं. ४०० मीटर अडथळा शर्यतीत दोन अडथळ्यांमध्ये ३५ मीटर अंतर असतं. त्या काळी बहुतेक धावपटू तिथे १४-१५ पावलं टाकायचे. दमल्यावर पावलं वाढायची, लय तुटायची. मोझेस मात्र दहाव्या, म्हणजे शेवटच्या अडथळ्यापर्यंत १३च. पाय भरून आल्यावरही तेवढीच लांब ढांग टाकायची म्हणजे शरीराइतकंच मनही घट्ट लागतं! तो भौतिकशास्त्राचा विद्यार्थी, मोजूनमापून सराव करणारा. त्याच्या मोरहाउस कॉलेजकडे तेव्हा स्वतःचा ट्रॅकसुद्धा नव्हता. तरी १९७६ मध्ये माँट्रियल ऑलिंपिकला ४७.६३ सेकंदांच्या विश्वविक्रमासह सुवर्ण, आणि १९७७ ते १९८७ सलग १२२ विजय.