वाचक विचारतात : रथाचं चाक, कुणी आणि उटी

प्रश्न : आमच्या गावच्या लक्ष्मी यात्रेतल्या रथाला जाड फळ्यांची भरीव चाकं आहेत. चित्रातल्या अर्जुनाच्या रथाला मात्र आरे असतात. आमचा रथ शास्त्राला सोडून आहे का? (एक वाचक, खानापूर तालुका)

उत्तर : मुळीच नाही. लढाईचा रथ पळण्यासाठी असतो, देवाचा रथ भार पेलण्यासाठी. भरीव चाक तर अधिक जुनं. मेसोपोटेमियात उर इथे सापडलेल्या, इ.स.पू. २५००च्या सुमाराच्या चित्रफलकावर चार भरीव चाकांचे रथ आहेत. आऱ्यांच्या चाकांचे फार जुने ठसे मिळाले ते उरल पर्वताच्या दक्षिणेकडच्या सिंताश्ता संस्कृतीच्या कबरींत, इ.स.पू. २०००च्या आसपासचे. आरे आले आणि चाक हलकं झालं, घोडा रथ घेऊन धावू लागला. इजिप्तच्या तुतनखामेनच्या कबरीत १९२२ साली सापडलेल्या रथांची चाकं सहा आऱ्यांची आहेत. ती यात्रेच्या रथाखाली घातली तर पहिल्याच खड्ड्यात मोडतील.

वेदातला रथ मात्र आपल्या बैलगाडीत अजून ओळखू येतो. अर म्हणजे आरा, नाभी म्हणजे चाकाच्या मधला तुंबा, युग म्हणजे जू, आणि ‘आणि’ म्हणजे आपली कुणी, चाक निसटू नये म्हणून आसाच्या टोकाला घालतात ती खीळ. ऋग्वेदाच्या पहिल्या मंडलातल्या १६४व्या सूक्तात कालचक्राचं वर्णन करताना ऋषी म्हणतो, एवढा भार वाहूनही याचा आस तापत नाही. आस तापतो हे रोज पाहिलेल्या माणसालाच हे सुचेल. लाकडावर लाकूड घासलं की आधी करकर, मग जळका वास. म्हणून मिरवणुकीआधी वंगण घालाच, आणि मध्ये रथ थांबेल तिथे तुंब्याला हात लावून बघा.

आता तुमच्या रथाबद्दल. अशा रथाचा आस वळत नाही. ब्रेक आणि वळण, दोन्ही उटीवर, म्हणजे चाकापुढे लावायच्या लाकडी पाचरीवर. डावीकडे वळायचं तर डाव्या चाकापुढे उटी लावतात. ती बाजू अडते, उजवी पुढे जाते, रथ फिरतो. एका दमात काटकोन साधायला जाऊ नये, थोडं थोडं वळवावं. उटी उतरती आणि लांब दांड्याची हवी. उभी, उंच असली तर चाक तिच्यावर चढतं आणि शिखर कलतं. दोर ताणलेला असताना उटी ओढली की रथ हिसक्यानं सुटतो, आणि उटीवाल्याचा हात चाकाजवळच असतो. म्हणून आधी दोर सैल, मग उटी बाहेर. दोर ओढणाऱ्यांना मागचं दिसत नाही, तेव्हा इशारा एकाच माणसानं द्यावा.

वर्षभर उभ्या रथाच्या फळ्या उन्हाळ्यात आकसतात आणि धाव, म्हणजे चाकावरची लोखंडी पट्टी, सैल पडते. हातोडीनं ठोकून ऐका. खणखणीत आवाज आला तर घट्ट आहे. बद्द आवाज आला तर आधी सुतार-लोहाराला बोलवा, नारळ नंतर फोडा.

प्रश्न : कैकेयीनं कुणीच्या जागी बोट घालून दशरथाचा रथ सावरला, हे खरंच शक्य आहे? (एक वाचक, निपाणी)

उत्तर : वाल्मीकी रामायणात चाकाचा उल्लेख नाही. अयोध्याकांडात मंथरा आठवण करून देते ती एवढीच, की बेशुद्ध राजाला कैकेयीनं रणातून दूर नेऊन वाचवलं. बोटाची कथा नंतरची, कीर्तनांतून घरोघरी गेलेली. तरी ती रचणाऱ्याला गाडी ठाऊक होती. गाडीचा भार आसावर असतो, कुणी फक्त चाकाला बाहेर सरकू देत नाही. सपाट, सरळ वाटेवर तिच्यावर जोर फारसा येत नाही. वळणावर किंवा कलत्या रस्त्यावर मात्र फिरता तुंबा तिला बाहेर रेटतो, तिथे बोट टिकणार नाही. काही जण आसाच्या जागी बोट घातलं असं सांगतात, ते मात्र जुळत नाही.

प्रश्न : रथाला घोडेच हवेत का? (एक वाचक, चिकोडी)

उत्तर : नाही. अहिल्यानगर जिल्ह्यातल्या दायमाबादला १९७४ साली सापडलेल्या धातूच्या रथाला दोन बैल जुंपलेले आहेत, चाकं भरीव आहेत आणि हाकणारा उभा आहे. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातल्या १०२व्या सूक्तात तर मुद्गलाची पत्नी बैलाचा रथ हाकून शर्यत जिंकते. तुमच्या भागात शर्यतीच्या गाड्यांचं जे वेड आहे, त्याची जुनी साक्ष हवी असेल तर हे सूक्त वाचा.